साथीला कोण आहे, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही कोपरखैरण्याला राहता, नोकरी ठाण्यात, रोज ट्रान्स-हार्बर लोकलनं जाता-येता जॅझ ऐकता. ‘काइंड ऑफ ब्लू’ ही रेकॉर्ड झाली, महाविष्णू ऑर्केस्ट्रा, वेदर रिपोर्ट, शक्ती हे बँड, सगळं झालं. आता मोबाइलमधलं ॲप तीच पंधरा-वीस नावं पुन्हा पुन्हा पुढे करतं. ज्यांचं नाव फारसं कोणी घेत नाही असे जॅझ आणि फ्यूजनवाले शोधायचे कसे? त्यासाठी रेकॉर्ड प्लेयर घ्यावा का? आणि वडील रागसंगीतात मुरलेले, घरात मोठ्यानं महाविष्णू लावलं की “हे काय चाललंय?” म्हणतात, त्यांचं काय करायचं?

मी ठाण्यात चाळीसेक वर्षं बास गिटार वाजवतोय. ऑर्केस्ट्रात वाजवली, रेकॉर्डिंगला वाजवली, आता नौपाड्यात घरीच मुलांना शिकवतो. म्हणजे हे उत्तर एका साथीदाराचं आहे, आणि साथीदाराला जे दिसतं तेच मी सांगणार. नवी नावं शोधायला तुम्हाला कुठेही जायला नको. ज्या रेकॉर्डी तुम्ही पाठ केल्यात, त्यांच्याच मागच्या बाजूला ती छापलेली आहेत.

आपल्याकडे गडकरी रंगायतनला अमक्याचं गाणं आहे असं कळलं की दुसरा प्रश्न ठरलेला असतो: तबल्याला कोण? पेटीला कोण? ही सवय आपल्याला लहानपणापासून असते. तीच सवय जॅझ ऐकताना आपण का सोडतो, हे मला आजवर उमगलेलं नाही. उलट जॅझमध्ये तिची गरज जास्त. तिथे साथीदार प्रत्येक चीजेत स्वतःची आवर्तनं घेऊन वाजवतो, आणि आज दुसऱ्याच्या मागे उभा असलेला माणूस पुढच्या महिन्यात स्वतःच्या नावानं रेकॉर्ड काढतो, तेव्हा आजचा पुढारी कधी कधी त्याच्या मागे उभा असतो. नावं अशी एकमेकांत गुंफलेली असतात. एक दोरा ओढला की दहा माणसं हाती लागतात.

मला हे उशिरा कळलं. कॉलेजात असताना मी धोबीतलावच्या रंगभवनात जॅझ यात्रेला गेलो होतो. निरंजन झवेरींनी १९७८ साली ही यात्रा सुरू केली, आणि पहिल्याच वर्षी सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. ते माझं हुकलं. मी गेलो तो पुढच्या एका यात्रेला. उघड्या आकाशाखाली बसलो होतो. पोस्टरवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात होतं तो सॅक्सोफोनवाला आज मला धड आठवतही नाही. त्याच्या मागे डबल बास धरून उभा असलेला एक किडकिडीत माणूस आठवतो. त्याच्या दोन सुरांच्या मधली जागा आठवते. स्टेजवरून नाव पुकारलं तेव्हा ते टाळ्यांत बुडालं. शेजारच्याला विचारलं, त्यालाही ऐकू आलं नव्हतं. व्हीटीहून शेवटची लोकल पकडून ठाण्याला उतरलो, तलावपाळीवरून चालत घरी आलो, डोक्यात तो बास वाजतोय आणि वाजवणाऱ्याला नाव नाही. दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली आणि ठरवलं की इथून पुढे जे ऐकेन त्यात वाजवणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. आज सातवी वही चालू आहे.

वहीचा उपयोग कसा करायचा, ते तुमच्याच ‘काइंड ऑफ ब्लू’वरून दाखवतो. १९५९ साली मार्च आणि एप्रिलमध्ये मिळून दोन दिवसांत हे ध्वनिमुद्रण झालं. ट्रम्पेटला पुढारी माइल्स डेव्हिस, सॅक्सोफोनला जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोला बिल इव्हान्स ही नावं तुम्हाला तोंडपाठ असतील. आता ‘फ्रेडी फ्रीलोडर’ पुन्हा ऐका. पियानो बदललाय. हा बिल इव्हान्स नाही, हा विंटन केली. त्या काळी माइल्सच्या बँडमध्ये रोज पियानोला केलीच असायचा. इव्हान्स बँड सोडून गेला होता, त्याला खास या ध्वनिमुद्रणासाठी परत बोलावलं होतं. जगात सगळ्यात जास्त ऐकल्या गेलेल्या जॅझ रेकॉर्डींपैकी ही एक, आणि तिच्यात केली एकाच तुकड्यात आहे. पण तो तुकडा बारा मात्रांचा नव्हे, बारा बारचा ब्लूज आहे (इथे एक बार म्हणजे चार मात्रा), आणि त्या बारा बारांत केली ज्या मजेनं उड्या मारतो ते ऐकून माणूस हसायला लागतो. इव्हान्स विचारात पाडतो, केली पाय हलवायला लावतो.

आता वहीत लिहा: विंटन केली, पियानो. त्याच वसंतात त्यानं स्वतःच्या नावावर ‘केली ब्लू’ केली. बासला तोच पॉल चेंबर्स, ड्रमला तोच जिमी कॉब. म्हणजे ‘काइंड ऑफ ब्लू’चं पाठबळ तेच, फक्त पुढची माणसं वेगळी. त्यात बासरीला बॉबी जास्पर आहे, बेल्जियमचा. झालं, वहीत आणखी एक नाव. १९६५ मध्ये हेच तिघे, केली, चेंबर्स आणि कॉब, गिटारवाला वेस माँटगोमरीबरोबर ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’मध्ये आहेत. तिथे वेसकडे कान न देता एकदा फक्त मागच्या तिघांकडे द्या. इतकी वर्षं एकत्र वाजवलेली माणसं कुठे ढील देतात आणि कुठे ताणतात, ते कळायला लागेल. पॉल चेंबर्स १९६९ साली गेला, वय ३३. केली दोन वर्षांनी गेला, ३९ व्या वर्षी. चेंबर्सच्या नावावरची ‘बास ऑन टॉप’ही शोधा, त्यात तो डबल बासवर गज फिरवतो आणि तो आवाज मला अजूनही सारंगीच्या जवळ नेतो.

एका रेकॉर्डीतून एवढं निघतं. आता माइल्सचीच ‘बिचेस ब्रू’ घ्या. १९६९ च्या ऑगस्टमध्ये ध्वनिमुद्रित झालेली, फ्यूजनची गंगोत्री म्हणतात ती हीच. तिच्यात खालून एक लाकडी, घोगरा आवाज सरपटत येतो. ती बास क्लॅरिनेट, वाजवणारा बेनी मॉपिन. हाच पुढे पियानोवाल्या हर्बी हँकॉकच्या ‘हेड हंटर्स’मध्ये आहे, पण त्याची स्वतःची ‘द ज्युएल इन द लोटस’ ही १९७४ ची रेकॉर्ड ऐकलेली माणसं मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटली. धावपळ अजिबात नाही. पहाटे येऊरच्या बाजूला धुकं असतं ना, तशी ती रेकॉर्ड आहे. त्याच ‘बिचेस ब्रू’मध्ये इलेक्ट्रिक पियानोवाल्यांत एक लॅरी यंग आहे. मूळचा ऑर्गनवाला. त्याची १९६५ साली ध्वनिमुद्रित झालेली ‘युनिटी’ लावा. ट्रम्पेटला वुडी शॉ, तेव्हा जेमतेम वीस वर्षांचा, आणि सहापैकी तीन रचना त्या पोराच्या. यंग ३७ व्या वर्षी गेला, शॉ ४४ व्या. दोघांची नावं आज फार थोडे लोक घेतात, आणि दोघेही मोठ्या नावांच्या तोडीचे होते असं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

ही नावं बघायची कुठे? कॅसेटच्या काळात आतलं कार्ड उघडून वाचायचो. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये उभ्या उभ्या रेकॉर्डींच्या पाठी वाचून वहीत उतरवून घ्यायचो. ते दुकान २०१६ साली बंद झालं. मोबाइलवर ऐकताना पाठच उरली नाही, ही खरी अडचण. त्यावर उपाय डिस्कॉग्ज नावाचं संकेतस्थळ. तिथे कुठलीही रेकॉर्ड शोधली की कोणी काय वाजवलं त्याची यादी मिळते, आणि नावावर बोट ठेवलं की त्या माणसाच्या सगळ्या रेकॉर्डी समोर येतात. त्यातून दोनच निवडा: एक त्याच्या स्वतःच्या नावावरची, एक दुसऱ्याच्या नावावरची जिच्यात तो मागे आहे. दोन्ही ऐकल्याशिवाय तिसऱ्या नावाकडे जायचं नाही. हे बंधन पाळा, नाहीतर नावांचा नुसता ढीग होतो आणि कानात काही राहत नाही.

ॲपवर मी रागावलेलो नाही. त्याचं गणित असं की हे ऐकणाऱ्यांनी आणखी काय ऐकलं ते दाखवायचं. जे जास्त ऐकलं जातं ते जास्त सुचवलं जातं, आणि सुचवलं म्हणून अजून ऐकलं जातं. त्या चक्रात विंटन केलीच्या वाट्याला माइल्सच्या सावलीत उभं राहणंच येतं. पण कधी कधी चक्र उलटंही फिरतं. साप्पोरोचा र्‍यो फुकुई बाविसाव्या वर्षी पियानोला बसला, आपला आपण शिकला, १९७६ साली ‘सीनरी’ नावाची रेकॉर्ड केली. जपानबाहेर तिची कोणाला खबर नव्हती. पुढे चाळीसेक वर्षांनी यूट्यूबनं ती लोकांच्या पुढ्यात ठेवायला सुरुवात केली आणि ती जगभर गेली. तेव्हा ॲपनं काही नवं दिलं तर घ्या, फक्त मागच्या माणसांची नावं तिथूनही लिहून घ्या.

आता माझी सगळ्यात लाडकी साखळी. ती न्यूयॉर्कमध्ये सुरू होते आणि फिरून आपल्या घरी येते.

१९७२ साली माइल्सनं ‘ऑन द कॉर्नर’ काढली. त्या रेकॉर्डीच्या पहिल्या आवृत्तीच्या कव्हरवर वाजवणाऱ्यांची नावं त्यानं मुद्दामच छापली नव्हती. ऐकणारा गोंधळून जातो, कारण त्या सगळ्या विजेच्या वाद्यांच्या कल्लोळात तबला आहे, आणि सतारही आहे. तबला बादल रॉयचा. जन्म आताच्या बांगलादेशातल्या कुमिल्ल्याचा. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय हॉटेलात तो काम करायचा आणि तिथेच तबलाही वाजवायचा. तिथे येणाऱ्यांत जॉन मॅक्लॉफ्लिन होता, पुढे महाविष्णू आणि शक्ती काढणारा गिटारवाला. त्यानं आधी १९७१ च्या ‘माय गोल्स बियाँड’मध्ये बादलला घेतलं, पुढे तो माइल्सकडे पोहोचला. शक्तीच्या आधीची ही पायरी शक्तीच्या चाहत्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

सतार कॉलिन वॉलकॉटची. हा अमेरिकन, रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखांकडे तबला शिकलेला. वॉलकॉटचं नाव धरून पुढे गेलात की दोन दारं उघडतात. एक ‘कोडोना’: कॉलिन, ट्रम्पेटवाला डॉन चेरी आणि ब्राझीलचा तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस, तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून झालेलं नाव. तीन माणसं, बोटांवर मोजता येतील एवढी वाद्यं, आणि इतकी मोकळी हवा की ऐकताना खिडकी उघडल्यासारखं वाटतं. दुसरं दार ‘ओरेगॉन’ हा बँड. राल्फ टाउनरची गिटार, पॉल मॅककँडलेसची ओबो, ग्लेन मूरचा बास, वॉलकॉटचा तबला. १९८४ साली पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना मोटार अपघातात वॉलकॉट गेला.

त्याच्या जागी ओरेगॉननं कोणाला घेतलं? त्रिलोक गुर्टूला. मुंबईत १९५१ साली जन्मलेला हा तालवादक म्हणजे आपल्या शोभा गुर्टूंचा मुलगा. ज्या शोभाताईंच्या ठुमऱ्या आणि दादरे आपल्या घरांत रेडिओवरून ऐकले गेले, ज्यांनी मराठीतही गायलं, त्यांच्या घरात वाढलेला मुलगा. आणि त्रिलोकच्या १९८८ च्या ‘उस्फ्रेत’मध्ये शोभाताई स्वतः गायल्यात. सोबतीला राल्फ टाउनर आहे, डॉन चेरी आहे, शक्तीवाला एल. शंकर आहे. मी पहिल्यांदा ही कॅसेट लावली तेव्हा कार्ड न वाचताच लावली होती. तो आवाज आला आणि मी उठून कॅसेट थांबवली, कारण हा आवाज मला आईच्या रेडिओमुळे माहीत होता आणि तो इथे कसा, हे कळेना. मग कार्ड वाचलं. माइल्सच्या न छापलेल्या नावांपासून निघालेला दोरा बेळगावात जन्मलेल्या एका गायिकेच्या गळ्यापर्यंत येतो. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी मला स्वतःला त्याचं नवल संपत नाही.

अशीच दुसरी एक साखळी आहे. बासवाल्या चार्ल्स मिंगसच्या १९६३ च्या ‘द ब्लॅक सेंट अँड द सिनर लेडी’मध्ये आल्टो सॅक्सोफोनवर चार्ली मारियानो आहे, काळीज चिरत जाणारा आवाज. त्याच्या मागे मागे जा. तो पुढे नादस्वरम, म्हणजे दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य, शिकला आणि बंगळुरूच्या कर्नाटका कॉलेज ऑफ पर्कशनबरोबर १९८३ साली ‘ज्योती’ केली. त्यात आर. ए. रामामणींचं गाणं आहे. सॅक्सोफोन आणि कर्नाटक गळा एकमेकांना इतके मान देऊन वाजतात की ‘फ्यूजन’ हा शब्दच तिथे थोडा ढोबळ वाटतो.

मुंबईचं आपलं घर तर आणखी मोठं आहे, फक्त तिथे पाठीवर नावं छापायची रीत नव्हती. १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीसारखे कृष्णवर्णीय अमेरिकन बँडवाले येऊन वाजवत होते. त्यांच्याकडे बघून, त्यांच्या बँडांतून गोव्याचे वादक तयार झाले. चिक चॉकलेट हा त्यातला ट्रम्पेटवाला. १९५१ चा ‘अलबेला’ आणि सी. रामचंद्र म्हटलं की प्रत्येक मराठी माणसाचे पाय हलतात. त्या संगीतात चिक चॉकलेटचा हात आहे. अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी, सॅक्सोफोनवाला ब्राझ गोन्साल्विस, ही नावं गोळा करताना दमछाक होते, कारण सिनेमाच्या तबकडीवर संगीतकार, गायक आणि फार तर गीतकार. वाजवणारे चाळीस जण अंधारात. मी स्वतः कित्येक रेकॉर्डिंगला वाजवलंय आणि माझं नाव कुठेच आलं नाही. त्याचं मला तितकं वाईट वाटत नाही जितकं माझ्या शेजारी बसून वाजवणाऱ्या एका वृद्ध ट्रम्पेटवाल्याचं वाटलं. तो गेला तेव्हा त्याच्या नातवाला दाखवायला घरात एकही छापील ओळ नव्हती. नावं लिहून घ्या असं मी पोटतिडकीनं सांगतो त्याला हेही एक कारण.

मुंबईत जन्मलेल्या एका गिटारवाल्याचं नाव मात्र आज लख्ख मिळतं: अमान्सियो डिसिल्वा. जन्म १९३६, घराणं गोव्याचं, पुढे लंडनला गेला. १९६९ साली त्यानं ‘इंटिग्रेशन’ केली आणि त्याच वर्षी जमैकाचा सॅक्सोफोनवाला जो हॅरियट याच्याबरोबर ‘हम दोनो’. त्याची ‘कोंकण डान्स’ ही रेकॉर्ड सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला झाली पण कपाटातच पडून राहिली. २००६ मध्ये ती लोकांना ऐकायला मिळाली. तोवर तो जाऊन दहा वर्षं झाली होती. नाव ‘कोंकण डान्स’, लंडनमध्ये वाजवलेली, आणि आपण कोकणच्या उंबरठ्यावर राहून ती ऐकलेली नाही! या हॅरियटचाच दोरा धरलात तर कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर आणि त्या दोघांची १९६६ ची ‘इंडो-जॅझ सूट’ सापडेल. शक्तीच्या दहा वर्षं आधीची. तिच्यात राग आणि जॅझ शेजारी शेजारी बसल्यासारखे वाटतात, शक्तीसारखे एकजीव होत नाहीत. तरी ऐकाच. आजचं हवं असेल तर पुण्यात तबला शिकलेला सारथी कोरवार: त्याच्या २०१६ च्या ‘डे टू डे’मध्ये गुजरातेतल्या सिद्दी समाजाचं गाणं आहे. अमेरिकेतल्या रुद्रेश महंतप्पानं २००८ साली कद्री गोपालनाथांबरोबर ‘किन्समेन’ केली, दोन सॅक्सोफोन, एक जॅझचा, एक कर्नाटक पद्धतीचा. आणि इथल्याच कार्ल पीटर्सचा बास तुम्ही चित्रपटांच्या गाण्यांत ऐकलेला असण्याची दाट शक्यता आहे. लुई बँक्स, शिवमणी आणि शंकर महादेवन यांच्याबरोबर तो ‘सिल्क’मध्ये होता.

बाहेरचे देश घाईनं सांगतो, कारण तिथे तुम्हीच फिरायला हवं. इथिओपियाचा मुलातू अस्तात्के, व्हायब्राफोनवाला. तिकडच्या ‘तिझिता’ या स्वररचनेच्या एका रूपात आपल्या भूपाचेच पाच सूर आहेत, त्यामुळे कान लगेच रुळतो. अझरबैजानचा वागिफ मुस्तफाजादे, पियानोवर मुघम वाजवणारा, १९७९ साली ३९ व्या वर्षी ताश्कंदला गेला. मुघम म्हणजे त्यांचं रागदारीच्या जवळ जाणारं संगीत. पोलंडचा क्रिश्तोफ कोमेडा, त्याची ‘ॲस्टिगमॅटिक’. हार्प घेऊन जॅझमध्ये उतरलेली डोरोथी ॲशबी. आणि लाइपझिगची युटा हिप: न्यूयॉर्कला गेली, १९५६ मध्ये ब्लू नोट या कंपनीसाठी रेकॉर्डी केल्या, मग वाजवणंच सोडलं आणि पुढची अनेक वर्षं कपड्यांच्या कारखान्यात नोकरी केली. तिची ‘हिकरी हाउस’मधली रेकॉर्ड ऐकताना ही गोष्ट मनात येतेच, ती बाजूला सारून फक्त डावा हात ऐका.

रेकॉर्ड कंपन्यांकडे घराण्यांसारखं बघता येतं. साठीच्या दशकातली ब्लू नोट म्हणजे बहुतेक वेळा रूडी व्हॅन गेल्डरच्या न्यू जर्सीतल्या स्टुडिओचा आवाज, वाद्यं अगदी तोंडासमोर. १९६९ साली म्युनिकला सुरू झालेली ईसीएम म्हणजे मोठ्या देवळाच्या सभामंडपात वाजवल्यासारखी आस. कोडोना, मॉपिन, ‘ज्योती’ सगळे ईसीएमचेच. १९७१ ची स्ट्राटा-ईस्ट ही चार्ल्स टॉलिव्हर आणि स्टॅन्ली कॉवेल या दोन वादकांनीच काढलेली. एखाद्या घराण्याचा आवाज आवडला की त्याच्या यादीतलं अनोळखी नाव डोळे मिटून उचलावं.

ऐकायचं कसं, याबद्दल एक-दोन गोष्टी. तुमच्या लोकलमध्ये डबल बास ऐकू येत नाही. त्याची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला लागते, आणि रुळांचा घरघराट नेमका तिथेच असतो. उघड्या इयरफोननं ऐकलंत तर अर्धा बँड गायब होतो. कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या, नाहीतर नवी रेकॉर्ड आधी घरी ऐका आणि गाडीत फक्त उजळणी करा. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटांची असते, ठाण्याहून कोपरखैरण्यापर्यंत जवळपास तेवढाच वेळ. म्हणून जाताना पहिली बाजू, येताना दुसरी. तुकडे उलटसुलट करून ऐकू नका, वाजवणाऱ्यांनी क्रम विचार करून लावलेला असतो.

आणि मोजत जा. आपल्याला सम कळते, हे जॅझ ऐकताना फार मोठं भांडवल आहे. ‘सो व्हॉट’ घ्या: आठ-आठ बारची चार घरं. पहिली दोन आणि चौथं एका सुरात, तिसरं अर्धा सूर वर. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनला सा धरून काफी थाटाचे स्वर, तिसऱ्या घरात सगळं उचलून काळी दोनला, चौथ्यात परत पांढरी दोन. एकदा हे आवर्तन अंगात भिनलं की कोण समेवर नीट उतरतो, कोण तिला हुलकावणी देऊन पुढच्या घरात उतरतो, ते दिसायला लागतं. तेव्हाच अनोळखी वादकाची खरी पारख करता येते. नाव मोठं की लहान हे मग विचारावंच लागत नाही.

फ्यूजनबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. सत्तरीच्या दशकातलं बरंच फ्यूजन वेगाच्या नादात वाया गेलंय. अनोळखी म्हणून ऐकायला घेतलेल्या दहातल्या सात रेकॉर्डी मी अर्ध्यावर सोडल्या. बोटं फिरतात, सांगायचं काही नसतं. अपवाद ॲलन होल्ड्सवर्थ. त्याच्या गिटारचे सूर इतके सलग येतात की मिंड ऐकतोय असं वाटतं. टोनी विल्यम्स या ड्रमवाल्याच्या १९७५ च्या ‘बिलीव्ह इट’मध्ये आणि दुसरा ड्रमवाला बिल ब्रुफोर्डच्या १९७९ च्या ‘वन ऑफ अ काइंड’मध्ये तो मागे उभा राहून काय करतो ते ऐका, मग त्याच्या स्वतःच्या रेकॉर्डींकडे वळा.

रेकॉर्ड प्लेयर आत्ता घेऊ नका. आपल्या भागातली दमट हवा रेकॉर्डींना मानवत नाही, पावसाळ्यात कव्हरांना बुरशी धरते, आणि चांगली सुई, ॲम्प्लिफायर, स्पीकर यांचा खर्च धरला तर तेवढ्या पैशात उत्तम हेडफोन येईल आणि वर्षभर दर महिन्याला एका कलाकाराची रेकॉर्ड बँडकॅम्प या संकेतस्थळावर विकत घेता येईल. तिथे आजच्या, हयात वादकांना तुमचे पैसे बऱ्यापैकी थेट पोहोचतात. दुर्मीळ म्हणून चढ्या भावानं विकल्या जाणाऱ्या जुन्या प्रतींच्या मागे तर मुळीच लागू नका. दुर्मीळ याचा अर्थ कमी छापली एवढाच. त्यातल्या काही कमी छापल्या गेल्या कारण त्या खरोखरच सामान्य होत्या.

राहिले वडील. त्यांना महाविष्णू ऐकवलंत म्हणता, तिथेच गडबड झाली. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांचा डोळा लागायच्या आत ‘उस्फ्रेत’चा पहिलाच तुकडा लावा, ‘शोभारॉक’. आधी काही सांगू नका, कोण गातंय तेही नाही. आवाज बेताचा ठेवा. ड्रम सुरू झाले की ते मान वर करतील, कदाचित नेहमीचं वाक्यही म्हणतील. म्हणू द्या. शोभाताईंचा आवाज आला की ते स्वतःच विचारतील, “ही शोभा गुर्टू का?” मग दुसरा प्रश्न येईल, तबल्याला कोण आहे म्हणून. तेव्हा वही त्यांच्या हातात द्या.